चिमणीसारखे बारके पक्षी ओळखायचे कसे: सातारा-सांगलीच्या शिवारासाठी टप्प्याटप्प्याने

शाळूच्या शेतावरून मातकट रंगाच्या बारक्या पक्ष्यांचा थवा उठतो आणि वहीत नोंद होते, 'चिमण्या, ५०'. त्या थव्यात सुगरणी असतात, मुनिया असतात, हिवाळ्यात भारीट असतात, आणि कित्येकदा चिमणी एकही नसते. बहुतेक चुका एकाच कारणाने होतात. पाहणारा रंगापासून सुरुवात करतो आणि या पक्ष्यांत सर्वांत कमी भरवशाचा असतो तो रंगच. नर-मादी, पिल्लू, ऋतू, ऊन-सावली या प्रत्येकाने तो बदलतो. चोच, चाल आणि पाठ मात्र सहसा फसवत नाहीत. म्हणून खालचा क्रम मोडू नका. सुरुवातीला तो संथ वाटेल, पण सवय झाली की सगळे काही सेकंदांत होते.

१. निघण्याआधी

दुर्बीण ८ × ४२ किंवा त्याच्या जवळपासची घ्या. ८ म्हणजे किती पट मोठे दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बारक्या पक्ष्यांसाठी १० किंवा १२ पटीची लागेल असे वाटते, पण पट वाढली की हात हलल्याचा परिणामही वाढतो आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो. झुडपात उड्या मारणारा वटवट्या अशा दुर्बिणीत सापडतच नाही.

दुर्बीण डोळ्यांना जुळवून घेणे हे काम घरीच उरका. पुष्कळांची उजवी बाजू कायम धूसर असते आणि त्यांना ते माहीतही नसते. क्रम असा:

- दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल चित्र दिसेल असे करा.
- चष्मा असेल तर डोळ्यांजवळची रबरी कडी खाली करा, नसेल तर वर.
- पुढची उजवी नळी हाताने झाका. लांबच्या पाटीवरची अक्षरे डाव्या डोळ्याने स्पष्ट होईपर्यंत मधले चाक फिरवा.
- आता डावी नळी झाका. मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरे स्पष्ट करा. ती खूण लक्षात ठेवा.

तपासा: तारेवर बसलेल्या साळुंकीवर नजर ठेवून, मान न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावा. पक्षी लगेच चित्रात आला पाहिजे. येत नसेल तर अंगणातच सराव करा. दुर्बिणीकडे बघून मग पक्षी शोधणे ही नवख्यांची ठरलेली चूक आहे.

सोबत खिशात मावणारी वही आणि पेन्सिल हवी. पेन्सिल अशासाठी की जूनमध्ये यवतेश्वरच्या चढावर पेनाची शाई टिकत नाही. पुस्तक पिशवीत ठेवा, हातात नको. कारण चौथ्या टप्प्यात येईल.

२. आधी घरची चिमणी पाठ करा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. निदान आठवडाभर फक्त चिमणीच पाहा. बाजार समितीचे आवार, जुन्या वाड्यांची वळचण, किराणा दुकानासमोरचा रस्ता, कुठेही. नर सगळ्यांना येतो: डोके राखी, डोळ्यामागून मानेपर्यंत तांबूस-तपकिरी, गाल पांढुरके, गळ्यावर काळा डाग. पण हिवाळ्यात नव्या पिसांची टोके फिकी असतात, त्यामुळे तो डाग बराचसा झाकलेला असतो. टोके झिजत जातात तसा विणीच्या काळापर्यंत तो ठळक होतो. नराची चोचही विणीत काळी आणि एरवी फिकी असते.

खरा अभ्यास मादीचा करा. पाठीवर गडद रेघा, छाती-पोट साधे मळकट पांढरे, रेघ एकही नाही. डोळ्यामागे फिकट भुवई. चोच आखूड, शंकूसारखी. शेपटी मध्यम. लांबी सुमारे १५ सेंटीमीटर. पुढची सगळी तुलना या मादीशी होणार आहे.

तपासा: पुस्तक बंद ठेवून चिमणीच्या मादीचे चित्र काढा. भुवई डोळ्याच्या पुढे आहे की मागे, हे आठवत नसेल तर अजून पाहा.

३. जागा, वेळ, उभे राहणे

सूर्य पाठीशी घ्या. सकाळी बांधाच्या पूर्वेला उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की पिसांवर उजेड पडतो. उलट बाजूने तोच पक्षी काळा ठिपका दिसतो आणि 'काळा पक्षी' अशी नोंद होते. सूर्योदयापासून साडेनऊपर्यंतचा वेळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये माण, खटाव, जत, आटपाडीच्या भागात चालत फिरण्यापेक्षा एखाद्या पाणवठ्यापासून अंतर राखून बसा, पक्षी आपणहून येतात.

कोणत्या जागी काय अपेक्षित आहे हे आधी मनात ठेवले की निम्मी नावे गळून पडतात. कास आणि चाळकेवाडीच्या पठारावर चंडोल आणि तीरचिमण्या. मायणीच्या तलावाकाठी आणि हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ गवत-लव्हाळ्यात मुनिया, सुगरणी, वटवटे. सागरेश्वर आणि दंडोब्याच्या डोंगरावर, विरळ झाडीत, पीतकंठी चिमणी. शाळूच्या पट्ट्यात ऑक्टोबरनंतर भारीट.

सावध: पहाटे एकट्याने उसात शिरू नका. कराड, शिराळा भागात उसात बिबट्या असतो. बांधावरून पाहिले तरी पुरते. शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारा, आणि हुरड्यात आलेल्या शाळूवर राखण चालू असेल तर गोफणीच्या टप्प्यात उभे राहू नका.

४. पहिली दहा सेकंदे

पक्षी दिसला की खालील चार गोष्टी, याच क्रमाने, मनात म्हणा. पुस्तक उघडायचे नाही, फोन काढायचा नाही. पान उलटेपर्यंत पक्षी गेलेला असतो, आणि चित्र आधी पाहिले की मन चित्रातल्याच खुणा पक्ष्यावर चिकटवते.

आकार. मोजपट्टी म्हणून तीन ओळखीचे पक्षी वापरा: चिमणी १५ सेंटीमीटर, बुलबुल २०, साळुंकी सुमारे २३. मुनिया १० ते ११ म्हणजे चिमणीहून स्पष्ट लहान. फुलटोच्या ८-९. एकट्या पक्ष्याचा आकार लांबून हमखास चुकतो. शेजारी दुसरा पक्षी, शाळूचे कणीस किंवा बाभळीचा काटा असेल तर त्याच्याशी ताडून पाहा.

चाल. ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी खूण आहे. चिमणी, सुगरण, मुनिया जमिनीवर दोन्ही पाय जोडून उड्या मारतात. चंडोल, तीरचिमणी, धोबी एकेक पाय टाकत चालतात. चालणारा पक्षी दिसला की चिमणी, सुगरण आणि मुनिया या तिन्हींवर एकदम फुली मारता येते.

चोच. जाड शंकू असेल तर दाणे खाणारा. बारीक सुईसारखी असेल तर किडे खाणारा: वटवट्या, शिंपी, तीरचिमणी. खाली वाकलेली लांब असेल तर शिंजीर.

शेपटी. आखूड की लांब, टोकाला खाच की निमुळती, वर उभारलेली की खाली, सारखी हलते का.

तपासा: आता वहीत चार शब्द लिहा. उदाहरणार्थ 'चिमणीहून लहान, उड्या, जाड चोच, टोकदार शेपटी'. एवढ्यावरच नाव मुनियापर्यंत आले.

५. पाठ, पंख, कंबर, छाती

दुर्बीण लावल्यावर नजर चेहऱ्याकडे ओढली जाते. ती मुद्दाम पाठीवर न्या.

पाठीवर रेघा आहेत की नाहीत? पंखावर फिकट आडवे पट्टे आहेत का, असले तर एक की दोन? शेपटीच्या वरची कंबर पांढरी, लाल की पाठीच्याच रंगाची? कंबर बसलेल्या पक्ष्यात झाकलेली असते, ती उडताना दिसते. म्हणून पक्षी उडाला की दुर्बीण खाली घेऊ नका. तो उडण्याचा क्षण फुकट घालवणे ही पंखांच्या आणि कंबरेच्या खुणा हुकण्याची मुख्य वाट आहे.

मग छाती. छातीवर स्पष्ट गडद रेघा दिसल्या की ती घरची चिमणी नाही, नर नाही आणि मादीही नाही. तीरचिमणी, चंडोल, हिवाळ्यात घाणेरीच्या झुडपांत येणारी रोझफिंचची मादी, पाणथळ लव्हाळ्यातली रेघांची सुगरण, यांपैकी काही असेल.

सगळ्यात शेवटी डोके आणि रंग. तेही ढोबळ नको. 'पिवळा' असे न लिहिता 'कुठे पिवळा' ते लिहा: गळ्यावर, टोपीवर की शेपटीखाली.

६. खरी अडचण: चिमणीच्या मादीसारखे दिसणारे

इथे घाई करू नका. नावे चुकतात ती इथेच. प्रत्येकाला चिमणीच्या मादीशेजारी मनाने उभे करायचे आणि फरक शोधायचा.

सुगरण, मादी आणि विणीबाहेरचा नर. जून ते सप्टेंबरमध्ये पिवळ्या टोपीचा, गडद चेहऱ्याचा नर कुणालाही ओळखता येतो. ऑक्टोबरनंतर तोच नर मादीसारखा होतो आणि थवेच्या थवे 'चिमण्या' म्हणून नोंदले जातात. चोच पाहा: चिमणीपेक्षा जाड आणि लांबट, आणि कपाळाची रेषा सरळ चोचीत उतरते, त्यामुळे डोके चपटे आणि मोठे वाटते. भुवई रुंद, पिवळसर, डोळ्याच्या पुढे चोचीपर्यंत जाते. चिमणीच्या मादीत ती मुख्यतः डोळ्यामागे असते. शेपटी आखूड. छातीवर पिवळसर-मातकट झाक. पाठीवर रेघा दोघींनाही असतात, त्या खुणेवर विसंबू नका.

पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी. गळ्यावरचा पिवळा ठिपका शोधत बसाल तर फसाल. तो नरात असतो, पण मान खाली असताना दिसत नाही, आणि मादीत अगदी पुसट किंवा नसतोच. पक्की खूण म्हणजे पाठ. साधी राखी-तपकिरी, एकही रेघ नाही. पंखावर दोन फिकट पट्टे, नराच्या खांद्यावर तांबूस डाग. चोच चिमणीहून लांब आणि सडपातळ. भुवई नाही. झाडाच्या ढोलीत वीण करते, त्यामुळे वाळक्या फांद्यांवर, ढोल्यांजवळ दिसते. साताऱ्यात-सांगलीत ती वाटते तितकी दुर्मीळ नाही. 'चिमणी' या एका शब्दाखाली दडून राहते, एवढेच. गावाबाहेर झाडाच्या शेंड्यावर चिमणी दिसली तर पाठ पाहिल्याशिवाय नोंद करू नका.

पांढऱ्या कंठाची मुनिया. लहान. चोच जाड, रुपेरी-राखाडी. चेहरा कोरा, त्यात काळा डोळा उठून दिसतो. शेपटी काळी, टोकदार. उडाली की कंबर पांढरी. बोर-बाभळीच्या काटेरी झुडपांत, बांधाच्या गवतात लहान थवे.

सावध: ही मुनिया सुगरणीच्या जुन्या खोप्यात राहते. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणाऱ्या खोप्यातून पक्षी बाहेर आला म्हणून तो सुगरण असेल असे धरून चालू नका. पक्षी पाहा, खोपा नाही.

ठिपकेवाली मुनिया, पिल्लू. मोठ्या पक्ष्याच्या पोटावर खवल्यांची नक्षी असते, ती चुकत नाही. पावसाळ्यानंतर मात्र थव्यात साधी तपकिरी पिल्ले असतात, अंगावर काहीच नक्षी नाही. चोच गडद आणि कंबर पांढरी नाही, एवढ्यावर ती पांढऱ्या कंठाच्या मुनियेपासून वेगळी काढा. शेजारी खवल्यांची नक्षी असलेले मोठे पक्षी आहेत का तेही बघा.

लाल मुनिया, मादी. लाल चोच आणि लाल कंबर. बाकी सगळे मातकट असले तरी एवढे पुरे. पंखावर बारीक पांढरे ठिपके.

डोंबारी, मादी. हा चंडोल आहे. नराचे पोट काळे, त्यामुळे तो सोपा. मादी वाळूच्या रंगाची, जाड चोचीची, चिमणीहून थोडी लहान. फरक वागण्यात: जमिनीला चिकटून दबून बसते, चालते, झाडावर सहसा बसत नाही. मुरमाड माळावर, नांगरटीत, कच्च्या रस्त्यावर दिसते. विणीत नर वर चढत जातो आणि शीळ घालत टप्प्याटप्प्याने खाली झेपावतो. असा नर दिसला की जवळच्या 'चिमणी'कडे पुन्हा पाहा.

भारीट, मादी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात, मार्च-एप्रिलपर्यंत जातात. चिमणीहून मोठे, शेपटी लांब, चोच शंकूसारखी पण जरा लांबट, शेपटीखाली फिकट पिवळी झाक. काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा असे दोन्ही भारीट इथे येतात आणि त्यांच्या माद्या शेतात उभे राहून वेगळ्या काढणे भल्याभल्यांना जमत नाही. 'भारीट, मादी' एवढीच नोंद करा. ती पूर्ण आणि बरोबर नोंद आहे.

७. माळावरचे चालणारे

तीरचिमणी सडपातळ, पाय लांब, अंग उभे, चोच बारीक, छातीवर रेघा. थोडे पळते, थांबते, शेपटी हलवते. उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. चंडोल आटोपशीर, चोच जाडसर.

शेंडीवाल्या चंडोलात जागा खूप मदत करते. घाटमाथ्याच्या ओल्या पठारांवर, कास-चाळकेवाडीला, बहुधा मलबारी चंडोल: छातीवर दाट ठळक रेघा, पोट पांढुरके. पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत साईक्सचा चंडोल: खालचे अंग तांबूस, रेघा बारीक आणि थोड्या. शेंडी नाही, शेपटी तांबूस आणि टोक काळे, तर लाल शेपटीचा चंडोल. उडताना पंखात तांबूस चमकले, तर झुडपी चंडोल.

सावध: हे सगळे जमिनीवर घरटी करतात. पावसाळ्यात पठारावर पायवाट सोडू नका. पक्षी चोचीत किडा धरून सतत ओरडत असेल तर तुम्ही घरट्याजवळ आहात, आल्या वाटेने मागे फिरा.

८. झुडपातले

यांची गल्लत चिमणीशी कमी आणि आपापसात जास्त होते, म्हणून थोडक्यात. राखी वटवट्या: वरून गडद राखी, भुवई नाही, डोळा लालसर, शेपटी उभी. साधा वटवट्या: फिकट तपकिरी, भुवई आहे. शिंपी: पाठ हिरवट, टोपी तांबूस, पोट पांढरे. चष्मेवाला: डोळ्याभोवती पांढरे कडे, थव्याने. फुलटोच्या: सर्वांत लहान, बांडगुळाच्या आसपास. विणीबाहेरचा जांभळा शिंजीर: पिवळसर, गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध गडद पट्टा.

९. आवाज: आधार घ्या, निकाल नको

आवाज शिकायचा तर पक्षी बोलताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. चोच हललेली पाहा, मग तो आवाज वहीत आपल्या अक्षरांत लिहा. चिमणीचा चिवचिवाट कोरडा असतो. पीतकंठीचा त्याच जातीचा पण गोड आणि मऊ. सुगरणींच्या वसाहतीतून एकसारखे चिट-चिट आणि शेवटी लांबवलेला घरघरता सूर येतो. शिंप्याचा आवाज त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठा, टुविट-टुविट, थांबतच नाही.

मर्लिनसारखे अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवते. ते नाव हा अंदाज समजा. पवनचक्क्यांच्या पठारावर वारा, रस्त्याकाठी ट्रॅक्टर, मागे दोन-तीन पक्षी एकदम बोलत असले की ते चुकते. सुचवलेला पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत नोंद नको. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी त्याचाच आवाज फोनवरून वाजवू नका. नर आपल्या हद्दीत दुसरा आला असे समजून चारा-घरटे सोडून धावत राहतो, आणि विणीत त्याचे नुकसान होते.

१०. फोटो, टिपण आणि पडताळणी

फोटो सुंदर येण्यापेक्षा उपयोगी येऊ द्या. एक बाजूने, एक पाठीचा, आणि उडताना सलग काही. आकाश पाठीमागे असेल तर एक्स्पोजर एक पायरी वाढवा, नाहीतर पक्षी काळा येतो आणि रंगावरून वाद सुरू होतो.

घरी येण्याआधी, जागेवरच, वहीत अंडाकृती काढून त्यावर खुणा मांडा. तारीख, वेळ, जागा, शेत की माळ की झुडूप, किती पक्षी, काय करत होते. आणि जे दिसले नाही तेही लिहा: 'कंबर दिसली नाही', 'पाठ उन्हात होती, रेघा नक्की नाहीत'. ही ओळ नसेल तर महिन्याभराने आपलीच आठवण त्या रिकाम्या जागा भरून टाकते.

आता पुस्तक उघडा. चित्र जुळले तरी तीन प्रश्न विचारा. हा पक्षी या महिन्यात इथे असतो का? या प्रकारच्या जागी असतो का? याच्यासारखा दुसरा कोणता, आणि त्याला कोणत्या खुणेने बाद केले? तिसऱ्याचे उत्तर देता आले नाही तर नाव लिहू नका. 'मुनिया, जात अनिश्चित' किंवा 'जाड चोचीचा, चिमणीएवढा' असे लिहा.

दुसऱ्या कुणाला विचारायचे असेल तर नुसता कापलेला फोटो पाठवून 'हा कोण?' म्हणू नका. जागा, महिना, आकाराची तुलना, चाल आणि तुम्ही बाद केलेली नावे एकत्र पाठवा. घरट्याचा फोटो किंवा घरट्याची नेमकी जागा मात्र कुणालाही पाठवू नका. मुनिया आजही पिंजऱ्यासाठी पकडल्या जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते बेकायदा आहे. बाजारात पिंजऱ्यातल्या मुनिया दिसल्या तर विकत घेऊन सोडू नका, त्याने विक्रीच वाढते. वनविभागाला कळवा.